‘दारा पुस्पिता १९६६–१९६८’ : घ्या, पण मूळ एलपी रेकॉर्डच्या नादी लागू नका

फक्त मुलींचा रॉक बँड, तोही साठच्या दशकातला, आणि गाणार इंग्रजी सोडून भलत्याच भाषेत. असं काही पहिल्यांदाच ऐकायचं असेल तर सुरुवात इंडोनेशियाच्या दारा पुस्पितापासून करावी. सब्लाइम फ्रिक्वेन्सीज या अमेरिकी कंपनीने २०१० मध्ये काढलेलं हे संकलन त्यासाठी पुरेसं आहे. जळगाव-धुळ्यात ते दुकानात मिळायची आशा ठेवू नका, मागवावंच लागेल.

बँड इंडोनेशियातल्या सुराबाया शहराचा, १९६४ साली जमलेला. नावाजलेल्या संचात चौघी: लीड गिटारवर तितिएक ए. आर., दुसऱ्या गिटारवर तिची बहीण लीस, बासवर तितिएक हमझा आणि ड्रमवर सूसी नँडर. तितिएक दोन आहेत, त्यामुळे इंटरनेटवरच्या माहितीत एकीचं श्रेय दुसरीच्या नावावर सर्रास चढलेलं दिसतं. गिटार म्हटलं की ए. आर., बास म्हटला की हमझा, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंच्या राजवटीने बीटल्सछाप गाणी वाजवली म्हणून कुस बरसौदारा या भावांच्या बँडला तुरुंगात टाकलं होतं. दारा पुस्पिताचा पहिला अल्बम आला तो राजवट डळमळल्यावर, १९६६ मध्ये. १९६८ ला त्या युरोपात गेल्या, १९७१ च्या अखेरीस परतल्या आणि लवकरच बँड मोडला. संकलनात युरोपाआधीचाच काळ आहे आणि तोच जोरकस आहे.

आता आवाज. ‘मारी मारी’ लावा आणि शब्दांकडे लक्षच देऊ नका, ड्रम ऐका. सूसी झांजेवर तुटून पडते, आणि त्या काळच्या ध्वनिमुद्रणाला ते झेपत नाही. वरचा आवाज फाटतो. गाणं चौघी मिळून म्हणतात, ते कानबाईच्या जागरणाला बाया म्हणतात तसं: सूर अगदी एकावर एक बसलेला नाही, पण जोर असा की कुणी बसून राहणार नाही. ‘सुराबाजा’मध्ये (सुराबायाचंच जुनं स्पेलिंग) गावाची ओढ आहे, ‘पान्ताई पट्टाया’ थायलंडच्या किनाऱ्यावरचं. संथ गाणी मात्र एका साच्यातली वाटतात. सलग ऐकताना एखाद-दुसरं सोडलं तरी चालेल.

ऐकताना एक हमखास चूक होते. आवाज पातळ वाटतो म्हणून लोक मोबाईलमध्ये बास बूस्ट लावतात. त्या ध्वनिमुद्रणात खाली फारसं काही नाहीच, त्यामुळे नुसती घरघर वाढते. उलट ३ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल कमी करा; झांज टोचायची थांबते आणि बास आपोआप पुढे येतो. यूट्यूबवरच्या काही प्रतींत मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज असलेलं, गाणं ओढूनताणून स्टिरिओ केलेलं असतं. तिथे अँड्रॉइडच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमधला मोनो ऑडिओ चालू केला की बरंचसं ठिकाणावर येतं.

शोधताना स्पेलिंगचा घोळ होतो. इंडोनेशियाने १९७२ मध्ये शुद्धलेखन बदललं: जुना ‘जे’ आता ‘वाय’, जुना ‘डीजे’ आता ‘जे’ आणि जुना ‘टीजे’ आता ‘सी’. रेकॉर्डच्या वेष्टनावर जुनं स्पेलिंग, नव्या याद्यांत नवं. दोन्ही टाकून पाहा, नाहीतर निम्मी गाणी हातची जातात. जपानी बँड (एक शेवटी सुचवला आहे) शोधताना नाव जपानी लिपीतच कॉपी-पेस्ट करावं. रोमन अक्षरांत तुटपुंजंच सापडतं.

सीडी की रेकॉर्ड? खान्देशात राहत असाल तर सीडी किंवा डिजिटल. मूळ इंडोनेशियन एलपी संग्राहकांच्या भावाने विकल्या जातात, आणि विक्रेत्याने ‘व्हीजी’ म्हणजे ‘व्हेरी गुड’ लिहिलं तरी प्रत्यक्षात ओरखडे आणि खरखर धरूनच चाला. त्याच्या वरच्या ‘व्हीजी प्लस’ या प्रतीच्या खाली जाऊ नका. दुसरं म्हणजे ऊन. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, बंद गाडीत साठीच्या पुढे, आणि रेकॉर्डचं पीव्हीसी तेवढ्यात मऊ पडून वाकायला लागतं. रेकॉर्ड मागवायचीच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मागवा, उभी ठेवा, आणि पत्र्याच्या छताखालच्या खोलीत तर मुळीच ठेवू नका.

टर्नटेबल जपानहून आलेलं जुनं असेल तर खालची पट्टी वाचा. शंभर व्होल्टचं यंत्र आपल्या २३० वर लावलं तर जळेल हे बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणतात. पण ट्रान्सफॉर्मर फ्रीक्वेन्सी बदलत नाही. यंत्र ६० हर्ट्झचं आणि मोटर एसी सिंक्रोनस (म्हणजे विजेच्या फ्रीक्वेन्सीवर वेग ठरणारी) असेल, तर आपल्या ५० हर्ट्झवर ३३⅓ ची रेकॉर्ड साधारण २७.८ ने फिरते. सूर तीन अर्धस्वरांहून जरा जास्तच खाली येतो आणि मुलींचा बँड पुरुषांचा वाटायला लागतो! इलाज म्हणजे ५० हर्ट्झची पुली, म्हणजे मोटरच्या टोकावरची चकती. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ लॉक (वेग स्फटिकाने पक्का धरणारी सोय) असेल तर ही भानगड नाही, फक्त व्होल्टेज सांभाळा.

दारा पुस्पिता पचली की पुढे झुरिकचा क्लीनेक्स घ्या. १९७८ चा बँड. टिश्यू पेपरच्या कंपनीने नावावर हरकत घेतल्यामुळे पुढे लिलिपुट झाला, म्हणून दोन्ही नावांनी शोधा. जर्मन, इंग्रजी आणि निव्वळ आरोळ्या यांची सरमिसळ आहे, गिटार तुटक. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जड जाईल. स्पेनच्या बास्क भागातल्या लास व्हल्पेसची कीर्ती मोठी, ऐवज एका सिंगलपुरता. १९८३ मध्ये त्या सरकारी टीव्हीवर गायल्या आणि त्या गदारोळात कार्यक्रमच बंद पडला. त्यांच्यासाठी पैसे घालवू नका, चित्रफीत पाहा.

गुळगुळीत, रेडिओवर शोभेल असं हवं असेल तर जपानचा प्रिन्सेस प्रिन्सेस. पाच जणी, १९८९ चं ‘डायमंड्स’ त्या वर्षी ओरिकॉन या जपानी विक्री-क्रमवारीच्या वार्षिक यादीत पहिलं होतं. त्यांच्या जुन्या सीडी जपानमध्ये ढिगाने पडून आहेत, त्यामुळे मूळ प्रत घेणं इथे परवडतं. विक्रेता ‘ओबी’सह म्हणून जास्त पैसे मागेल. ओबी म्हणजे डबीच्या कडेला गुंडाळलेली कागदी पट्टी. ती नसलेली घ्या, गाणी तीच आहेत.