जिरुनो: मायच्या गुडघ्यांना मानवलेली गाडी

आमच्या दर्यापूरकडे मायला रेल्वेच्या डब्यात चढवायचं म्हणजे दोघांनी दंड धरावे लागतात. यंदा भावाकडे स्वित्झर्लंडला गेलो, झुरिचहून लुगानोला ‘जिरुनो’त बसलो, अन् माय काठी टेकत एकटी आत शिरली! श्टाडलर कंपनीनं ही गाडी ५५ आणि ७६ सेंटिमीटर, दोन्ही उंचीच्या फलाटांसाठी बनवली. चढण म्हणून नाहीच. ११ डबे, २०२ मीटर लांबी. २०१६ साली सुरू झालेला ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा वीसेक मिनिटांत सरला, मायच्या कपातला चहा हिंदकळला नाही. तिकीट फार महाग. सवलतीचं आधीच काढून ठेवा. उतरताना माय दाराकडं वळून पाहत म्हणाली, “असं दार आपल्याकडं पाहिजे, बापू.”