कीबोर्ड फास्ट आहे, पण पट्टीत पहिला शब्द 'आर्शिवाद'

चार महिन्यांपूर्वी फोन बदलला तेव्हा एक नवीन मराठी कीबोर्ड टाकला. इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं, वर पट्टीत मराठी शब्द येतात, त्यातला एक निवडायचा, तो प्रकार. माझं दिवसभराचं लिहिणं मराठीतच असतं, ऑफिसचं असो की घरच्या ग्रुपवरचं, त्यामुळे भरपूर वापरून झालाय आणि मगच लिहितेय.

आधी चांगलं सांगते. स्पीड मस्त आहे, कुठे अडकत नाही, जोडाक्षरं पटापट येतात, ज्ञ आणि ळ साठी शोधाशोध नाही, नेट बंद असलं तरी चालतो. थीम वगैरे पण आहेत, ज्याला हव्यात त्याला.

आता शुद्धलेखन. आशीर्वाद टाइप करायला घेतलं की पट्टीत पहिला शब्द येतो 'आर्शिवाद'. रफार चुकीच्या अक्षरावर, शि ह्रस्व, म्हणजे एका शब्दात दोन चुका, आणि बरोबर शब्द दुसऱ्या नंबरवर बसलेला. घाईत माणूस पहिलाच शब्द दाबतो, सगळेच दाबतात, मग तो शब्द कीबोर्ड लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी परत पहिला आणतो. आपण म्हणतो लोकांना लिहिता येत नाही, पण नेटवर दिसणाऱ्या कितीतरी चुका अशा पट्टीतून उचललेल्या असतात असं माझं ठाम मत झालंय. इंग्रजी अक्षरांत लिहिताना बहुतेक जण ह्रस्व आणि दीर्घ दोन्हीला एकच अक्षर वापरतात, मग कोणती वेलांटी द्यायची हे ॲपच ठरवतं. इनस्क्रिप्टवर, म्हणजे थेट देवनागरी अक्षरं असलेल्या कीबोर्डवर, दोन्ही वेलांट्यांना वेगळ्या कळा आहेत, तिथे निदान चूक आपली स्वतःची असते.

बरं, ठरवायला नियम नाहीत असंही नाही. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 आणि 1972 चे 4, एकूण 18 नियम. त्यातला एक तर इतका सोपा आहे की शब्दाच्या शेवटचा इकार आणि उकार दीर्घ लिहायचा, मी, ही, की, तू, कवी, गुरू. अपवाद थोडेच, आणि, नि, परंतु, तथापि असे. आणि हा कीबोर्ड काय देतो, तर 'आणी' आणि 'कि'. जिथे ह्रस्व हवं तिथे दीर्घ, जिथे दीर्घ हवं तिथे ह्रस्व! 'कि' बहुतेक हिंदीतून आलाय, हिंदीत तो बरोबरच आहे, पण मी भाषा मराठी निवडलीय ना. याच कीबोर्डला फूल आणि फुलाला, मूल आणि मुलाला हे मात्र अचूक जमतं, जे त्या मानाने अवघड आहे. द्ध पण नीट देतो, 'शुध्द' असं उलटं करत नाही. म्हणजे बनवणाऱ्यांना जमतंय, मग रोज शंभर वेळा लागणाऱ्या 'आणि'कडे कोणी बघितलं कसं नाही?

मला सगळ्यात लागलेली गोष्ट सांगते. ऑफिसच्या कार्यक्रमाचा मजकूर मी फोनवरून पाठवला, डिझाइन करणाऱ्याने तसाच कॉपी केला, आणि फ्लेक्स लागला तो 'वर्धापन दीन' असा. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, लाचार. एका वेलांटीचा फरक. येणारे जाणारे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते आणि मला मान वर करून बघवत नव्हतं, कारण शब्द माझ्या फोनवरून गेलेला. त्या दिवसापासून पाठवायच्या आधी प्रत्येक ओळ वाचते.

ऱ्य चं प्रकरण वेगळंच. र वर बोट दाबून धरल्याशिवाय ऱ्य मिळत नाही, त्यामुळे दुसऱ्याचं 'दुसर्या' होतं. इथे निदान अर्थ कळतो, पण दऱ्या म्हणजे डोंगरातल्या आणि दर्या म्हणजे समुद्र, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आणि आचार्यांना म्हणजे गुरूंना, तिथे काय करायचं? महत्त्वमध्ये दोन त लागतात, कारण तो महत् अधिक त्व आहे, पण इथे 'महत्व' वर असतो. उज्ज्वलचं पण तेच, एक ज खाल्लेला. शब्द निवडला की स्पेस आपोआप पडते, मग 'घरा साठी', 'त्यांच्या कडे' असे तुकडे होतात, आणि ती स्पेस बंद करायचं सेटिंग मला तरी कुठे सापडलं नाही.

कोणी म्हणेल अर्थ कळला ना, मग झालं. मला नाही पटत. वाचताना डोळा तिथे अडकतो, वाक्य तुटतं, मागे जाऊन परत वाचावं लागतं. आणि कोणाच्या घरचं माणूस गेलेलं असताना आपण दोनच शब्द लिहितो, त्यातही 'भावपुर्ण' जावं? बोलीत लिहिणाऱ्यांबद्दल माझी तक्रार अजिबात नाही, कोणी 'पानी' म्हणतो आणि तसंच लिहितो, ती त्याची भाषा आहे. आमची आत्या अजून 'कांहीं' आणि 'नांव' लिहिते, ती जुनी पद्धत, 1962 च्या नियमांत ते अनुस्वार गेले. हा कीबोर्ड तिच्या 'नांव'खाली लाल रेघ मारतो आणि स्वतः दिलेल्या 'आर्शिवाद'खाली काहीच नाही.

पाचपैकी अडीच. टाकलाच असेल तर एक करा, पट्टीतल्या चुकीच्या शब्दावर बोट दाबून धरलं की तो काढून टाकायचा पर्याय येतो. मी एका रविवारी बसून साठेक शब्द असे काढले, पुढचे काही आठवडे छान गेले. परवा अपडेट आलं, भाचीला वाढदिवसाचा मेसेज लिहायला घेतला, तर पट्टीत पहिला परत 'आर्शिवाद'. परत काढला, मगच मेसेज पाठवला.