३० हजारांची हार्डटेल सायकल की ५५ हजारांची? टेकडीवर चालवून बघितली त्याचा हिशोब

आधी ते १५-२० हजारांत मिळणारं 'डबल शॉकर' बाजूला ठेवा. मागे स्प्रिंग दिसली की पोरं खूश होतात, पण या किमतीत पेडलचा जोर त्या स्प्रिंगमधेच जिरतो आणि वर सायकल १७-१८ किलोची, म्हणजे पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या चढाला बसायचं कमी आणि ढकलायचंच जास्त.

उरल्या दोन हार्डटेल, सस्पेन्शन फक्त पुढे. ३० हजारवाली मित्राची, कॉइल फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांत स्प्रिंग. ५५वाली दुकानातली, एअर फोर्क, म्हणजे स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा, आधार कार्ड ठेवून तासभर मिळाली. दोन्ही २९ इंची, ट्रॅव्हल (फोर्क जास्तीत जास्त दबतो ते अंतर) दोन्हीला १०० मिमी, कागदावर तशा सारख्याच.

आता माझं वजन ६२ किलो. फोर्कच्या नळीला झिप टाय बांधला, अलगद बसलो, उतरलो, पट्टीने मोजलं. कॉइलवाली जेमतेम ९ मिमी दबली, दबायला हवी २०-२५. प्रीलोडचा (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याचा) नॉब पूर्ण सैल केला तरी ढिम्म, कारण स्प्रिंगच जड माणसाच्या हिशोबाची. एअरवालीत शॉक पंप लावून फोर्कमधली हवा कमी केली आणि दोन मिनिटांत २२ वर आली. उताराला सुट्या खडीत पहिलीचं पुढचं चाक टप्पे खात होतं, दुसरीचं जमीन धरून चाललं. पण तुम्ही ८०-८५ किलोचे असाल तर हा फरक बराच कमी होईल, मग २५ हजार जास्त कशाला घालायचे?

गंमत म्हणजे पहिली पाच मिनिटं महागडीच जास्त कडक वाटली, परतच देणार होतो. बघतो तर टायरमधे ५० पीएसआय हवा! ३० वर आणली तेव्हा कुठे सायकल कळायला लागली. तुलना करायची तर आधी दोन्हींची हवा सारखी करा, नाहीतर टायरचा दोष फोर्कच्या माथी.

ब्रेकमधला फरक मात्र हलक्या-जड सगळ्यांनाच जाणवेल. मित्राचे केबल डिस्क, म्हणजे तारेने ओढणारे, उतार संपेस्तोवर बोटं आखडली, दुकानातलीच्या हायड्रॉलिकला (तेलाच्या दाबाने चालणाऱ्या) एक बोट पुरलं. ३० मधे हायड्रॉलिक मिळत असेल तर दोन गिअर कमी चालतील.

साइजवर दुकानदाराचं ऐकू नका, स्टॉकमधे असेल तो गळ्यात मारतात. उभं राहिल्यावर वरचा पाइप दोन-तीन इंच खाली हवा आणि हँडल धरताना कोपर ताठ होत असेल तर फ्रेम मोठी आहे, सीट पुढे सरकवून ते सुटत नाही.

बजेटमधून ६-७ हजार आधीच वजा करा, हेल्मेट, ग्लव्हज, पंप, ट्यूब आणि पंक्चर किट यात कसे जातात कळत नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, कोणी जुनी प्राइस लिस्ट पुढे केली तर विचारा.

रोज ऑफिस आणि महिन्यातून एखादा रविवार टेकडी, तर ३०वाली डोळे झाकून घ्या. दर आठवड्याला उतार मारणार आणि अंगाने हलके असाल तर एअर फोर्क, नवी परवडत नसेल तर सेकंडहँड बघा. फक्त घेताना फोर्कच्या चकचकीत नळीवर नख फिरवा, ओरखड्यात अडकलं तर सील टिकणार नाही, कितीही स्वस्त मिळू दे, सोडून द्या.