चालता चालता वाय-फाय कॉल तुटतो: कोणता उपाय निवडावा?

गोव्यात जुन्या इमारतींच्या भिंती जाड चिऱ्याच्या. एका खोलीतला सिग्नल पुढच्या खोलीत धड पोचत नाही, म्हणून ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारी यंत्रं) जवळजवळ लावावे लागतात. ते जितके जास्त, तितका फोन चालता चालता एकावरून दुसऱ्यावर अधिक वेळा उडी मारतो. प्रत्येक उडीला ओळख नव्याने पटवायची ठरली तर कॉल अडखळणारच. फोंड्याच्या आमच्या कॉलेजात व्हरांडा संपेपर्यंत दोनदा आवाज जायचा.

काहीच न केल्यास काय होतं ते आधी पाहू. पाहुण्या प्राध्यापकांचं खातं जर्मनीतल्या विद्यापीठाचं असेल, तर ओळख पटवणारा सर्व्हर तिथेच. अंतर सुमारे ७,००० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे सरळ तार असती तरी जाऊन-येऊन एका हेलपाट्याला ७० मिलिसेकंद. डिजिटल प्रमाणपत्रं वापरून ओळख पटवणाऱ्या ईएपी-टीएलएस पद्धतीला असे सात-आठ हेलपाटे सहज लागतात. अर्धा सेकंद तिथेच गेला.

पहिला पर्याय, ओळख पटल्यावर तयार होणारी गुप्त किल्ली साठवणं. मूळ पद्धतीत फोन आधी भेटलेल्या ॲक्सेस पॉइंटवर परतला तरच फायदा. तीच किल्ली सगळ्या ॲक्सेस पॉइंटना वाटणारी ओकेसी पद्धत त्याहून बरी, पण ती वाय-फायच्या मानकात नाही. एका फोनवर चालते, दुसऱ्यावर नाही.

दुसरा पर्याय २००८ चं ८०२.११आर, म्हणजे ही उडी जलद करणारं वाय-फायचं मानक. माझं मत याच बाजूचं. पहिल्यांदा ओळख पटली की मूळ किल्ली आपल्याच नेटवर्कमध्ये राहते. तिच्यापासून प्रत्येक ॲक्सेस पॉइंटसाठी वेगळी किल्ली तयार होते आणि पुढच्या उडीत फोन व ॲक्सेस पॉइंट यांच्यात चारच संदेश लागतात. जर्मनीला कुणी विचारायला जात नाही. अडचण जुन्या उपकरणांची: काही लॅपटॉप आणि प्रिंटर असं नेटवर्क दिसलं की जोडलेच जात नाहीत. त्यांच्यासाठी ही सोय नसलेलं, वेगळ्या नावाचं नेटवर्क ठेवा. २०१७ मध्ये वाय-फायवरच्या क्रॅक नावाच्या हल्ल्याने याच पद्धतीतली एक फट उघड केली होती, तेव्हा ॲक्सेस पॉइंटचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) त्यानंतरचं आहे ना, हे विकत घेण्याआधी विचारा.

तिसरा पर्याय ईआरपी, म्हणजे पुन्हा ओळख पटवण्याची इंटरनेट मानकातली पद्धत (आरएफसी ६६९६, साल २०१२). एका हेलपाट्यात पुन्हा ओळख, आणि तीही जवळच्या सर्व्हरकडून घेता येते. एका संस्थेच्या नेटवर्कमधून दुसरीच्या नेटवर्कमध्ये जाणाऱ्यांसाठी रचना सुरेख आहे, पण फोन आणि सर्व्हर दोघांनाही ती यावी लागते. एकाच आवाराला एवढा खटाटोप नको. त्यापेक्षा सर्व्हर तुमचा असेल तर टीएलएस सेशन (आधी जुळलेली सुरक्षित जोडणी) पुन्हा वापरण्याची सोय चालू करा: प्रमाणपत्रांची देवाणघेवाण वाचते आणि नवी यंत्रं घ्यावी लागत नाहीत.