एम.ए. एज्युकेशन करून प्राथमिक शिक्षक होता येतं, असं सांगून झालेली माझी फसवणूक

खासगी शाळांत तुटपुंज्या पगारावर शिकवणाऱ्या पदवीधर मुलींना सध्या एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. "दोन वर्षांचं एम.ए. एज्युकेशन करून टाका, घरबसल्या होतं. डी.एड.ची भानगडच नाही, थेट पहिली ते पाचवीला लागता येतं." हे साफ खोटं आहे. या खोट्यापायी माझे 85,000 रुपये आणि दोन वर्षं गेली. पैसे घेणारी माणसं अजून तोच धंदा करताहेत, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी बी.ए. करून एका विनाअनुदानित शाळेत पहिलीच्या वर्गावर होते. काम मनापासून आवडायचं. काल-परवापर्यंत अक्षरं उलटी काढणारं मूल एक दिवस फळ्यावरचं जोडाक्षर आपणहून वाचतं, त्यासारखा आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत कायमची शिक्षिका व्हायचं, एवढंच डोक्यात होतं. पण डी.एड. (आताचं डी.एल.एड.) हा प्राथमिक शिक्षक व्हायचं प्रशिक्षण देणारा, बारावीनंतरचा अभ्यासक्रम. पदवी झाल्यावर पुन्हा बारावी झालेल्या मुलांबरोबर वर्गात बसायचं म्हटलं की घरचेही नाक मुरडतात आणि नातेवाईकही. फसवणारे नेमकं इथेच बोट ठेवतात. अशा पदव्यांचे प्रवेश करून देणाऱ्या आमच्याकडच्या केंद्रचालकाला सगळे 'सर' म्हणायचे. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "ताई, तुम्ही पदवीधर आहात, खाली कशाला उतरताय? वर चढा."

हे 2022 मधलं. मी सरळ विचारलं होतं, "सर, मान्यता आहे का?" त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. विद्यापीठ अनुदान आयोगाचं, म्हणजे यूजीसीचं संकेतस्थळ उघडलं आणि परराज्यातल्या त्या खासगी विद्यापीठाचं नाव यादीत दाखवलं. नाव खरंच होतं. विद्यापीठ खरं, पदवीही खरी. शेजारी भिंतीवर वर्तमानपत्राचं एक कात्रण लॅमिनेट करून लावलेलं होतं: बी.एड. झालेल्यांनाही आता पहिली ते पाचवीला शिकवता येणार. बातमीही खरी होती, 2018 च्या अधिसूचनेची. "बी.एड. चालतं तर एम.ए. एज्युकेशन का नाही चालणार? वरच्या पात्रतेत खालची आपोआप येते," असं ते म्हणाले. खोटं होतं ते एवढंच वाक्य.

यूजीसी पदवीला मान्यता देते. शिक्षक व्हायला काय लागतं हे यूजीसी ठरवत नाही. पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान पात्रता शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 23 खाली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई ठरवते. 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेत ती लिहिलेली आहे. पहिली ते पाचवीसाठी मुख्य वाट म्हणजे बारावी किंवा पदवी, त्यासोबत दोन वर्षांचं डी.एल.एड., आणि शिवाय टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. नुसत्या एम.ए. एज्युकेशनला त्यात कुठेही जागा नाही. ती शिक्षणशास्त्र या विषयातली पदव्युत्तर पदवी आहे, अभ्यास म्हणून चांगलीच आहे. पण ती अध्यापनाचं प्रशिक्षण नव्हे.

भिंतीवरचं ते कात्रणसुद्धा पुढे निरुपयोगी ठरलं. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 2018 ची ती अधिसूचनाच रद्द ठरवली. बी.एड. माध्यमिक वर्गांसाठीचं प्रशिक्षण आहे, लहान मुलांना शिकवण्याचं शास्त्र वेगळं, त्यामुळे बी.एड. ही प्राथमिकसाठी वरची पात्रता धरता येणार नाही, असा त्या निकालाचा सरळ अर्थ आहे. पहिलीच्या वर्गावर उभं राहिलेल्या कुणालाही हे पटेल. सहा वर्षांच्या मुलाला दशक-एकक समजावणं आणि नववीला बीजगणित शिकवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. निकाल लागल्यावर मी केंद्रात जाऊन विचारलं. "तो बी.एड.वाल्यांसाठी आहे, आपलं वेगळं," असं उत्तर मिळालं. तोवर दोन हप्ते गेले होते आणि माझ्या दहावी, बारावी, बी.ए.च्या मूळ गुणपत्रिका 'पडताळणीसाठी' म्हणून त्यांच्या कपाटात होत्या.

पैशांचं सांगते. काही रक्कम यूपीआयने घेतली, तीही केंद्राच्या नाही तर एका खासगी व्यक्तीच्या खात्यावर. बाकीची रोख. रोखीची पावती विद्यापीठाची नव्हतीच. कुठल्याशा संस्थेचं नाव छापलेली गुलाबी पावती, आणि 'तपशील' या रकान्यात बॉलपेनने 'देणगी'. फी म्हणून भरलेले पैसे देणगी म्हणून लिहिले, की परत मागायचा आधारच डळमळीत होतो. पावतीवर हा शब्द दिसला तर तिथेच थांबा आणि विद्यापीठाच्या नावाची फीची पावती मागा.

'टीचिंग प्रॅक्टिस'ची फाइल तर आजही माझ्याकडे आहे. मी सराव पाठ कधी, कुठल्या शाळेत घ्यायचे, असं विचारत राहिले. शेवटी पाठ टाचणांची तयार फाइल हातात ठेवली, 3,000 रुपये वेगळे घेऊन. पहिल्या पानावर व्हाइटनरचा जाड थर आणि त्यावर माझं नाव. पान उजेडासमोर धरलं की आधीच्या मुलीचं नाव वाचता येतं. आत तिसरीच्या परिसर अभ्यासाचा पाठ, निरीक्षकाच्या सहीसकट, आणि तारीख रविवारची. ज्या शाळेचा शिक्का होता तिथे मी पाऊलही टाकलेलं नव्हतं. माझ्या मनातला उरलासुरला विश्वास त्या पानाने संपवला.

पदवी 2024 मध्ये हातात आली. त्याच वर्षीच्या टीईटीचा अर्ज भरायला बसले तर व्यावसायिक अर्हतेच्या रकान्यात माझ्या पदवीला पर्यायच सापडेना. टीईटीचा पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी, प्रत्येकी 150 गुणांचा. अभ्यास मी करू शकले असते. पण टीईटी पास झाले असते तरी डी.एल.एड.शिवाय त्याचा उपयोग शून्य होता.

मग केंद्रचालकाने दुसरा फास टाकला, आणि इथे अनेक मुली आणखी खोल जातात. "मागच्या तारखेचं डी.एड.चं प्रमाणपत्र करून देतो. टीईटीचंही बघता येईल." वर सव्वा लाख. माझ्यासोबतच्या एकीने कानातले मोडून पैसे द्यायची तयारी केली होती, तिला आम्ही थांबवलं. 2019 च्या टीईटीतला गैरव्यवहार 2021 च्या अखेरीस पुणे पोलिसांनी उघड केला. गुण वाढवून पात्र ठरवलेल्या साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर 2022 मध्ये ही परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेने कारवाई केली. पैसे देणाऱ्या उमेदवारांची नावंही त्या यादीत होती. खोटं प्रमाणपत्र घेतलं की तुम्ही फसवले गेलेले राहत नाही, आरोपी होता.

आम्ही काही जणींनी मिळून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. सोबत यूपीआयचे व्यवहार, गुलाबी पावत्या, फाइलच्या झेरॉक्स आणि केंद्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली 'डी.एड.ची गरज नाही' ही जाहिरात जोडली. त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट सगळ्यात कामी आला, कारण तोंडी आश्वासन नाकारता येतं, छापील नाही. 1 जुलै 2024 च्या आधीच्या व्यवहाराला भारतीय दंड संहितेचं कलम 420 लागतं, नंतरच्याला भारतीय न्याय संहितेचं कलम 318. अर्ज गेल्यावर मूळ गुणपत्रिका लगोलग परत मिळाल्या. यूपीआयने दिलेले 30,000 रुपयेही आले. रोखीचे अजून अडकलेले आहेत, पाठपुरावा सुरू आहे.

कुणी अशा केंद्रात जाणार असाल तर विद्यापीठाचं नाव यादीत आहे का, एवढं बघून परत येऊ नका. संस्थेला एनसीटीईने एनसीटीई कायद्याच्या कलम 14 खाली दिलेला मान्यतेचा आदेश मागा, त्यात अभ्यासक्रमाचं आणि संस्थेचं नाव वाचा, आणि एनसीटीईच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून पाहा. महाराष्ट्रातले डी.एल.एड.चे शासकीय कोट्यातले प्रवेश पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत ऑनलाइन होतात. त्यासाठी मध्यस्थ लागत नाही. पदवीधरांनाही हा प्रवेश घेता येतो. मी तोच घेतला आहे.

आणि ज्यांच्या मूळ गुणपत्रिका अडवून ठेवल्या असतील त्यांनी त्या सोडवायला आणखी पैसे भरू नयेत. मूळ कागदपत्रं संस्थेने स्वतःकडे ठेवू नयेत, असं यूजीसीने 2018 च्या फी परताव्याच्या अधिसूचनेत स्पष्ट केलेलं आहे. त्याचा उल्लेख करून विद्यापीठाच्या कुलसचिवांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. तरीही दाद लागली नाही तर दहावी-बारावीच्या दुय्यम गुणपत्रिका विभागीय मंडळाकडून आणि पदवीची तुमच्या विद्यापीठाकडून काढता येते.