कार्बनी रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक: श्रेयांक दोन, मेहनत चारची

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाचे कार्बनी रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक मी मागच्या वर्षी पूर्ण केले. विषय निवडताना त्यातल्या कामाचा खरा हिशेब कोणी सांगितला नव्हता, म्हणून तो येथे मांडतो आहे. कागदोपत्री हा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आहे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले जातात, म्हणजे १५ आठवडे, दर आठवड्याला चार तास. हे चार तास मात्र केवळ टेबलापाशी उभे राहण्याचे आहेत. जर्नल, म्हणजे प्रयोगवही, त्यात मोजलेलेच नाही. उजवीकडच्या रेघी पानावर उद्देश, तत्त्व, समीकरण, कृती आणि निरीक्षणे, डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती आणि गणित, आणि हे सारे कच्च्या वहीतून पुन्हा उतरवायचे, यात माझे आठवड्याला आणखी तीन तास सहज जात. मागच्या प्रयोगावर सही नसेल तर पुढचा सुरू करता येत नसे, आणि जर्नल सर्टिफाय झाले नाही तर परीक्षेला बसता येत नसे.

शिकायला मात्र भरपूर मिळते, हे आधीच सांगतो. लॅसेनच्या चाचणीत (संयुगात नायट्रोजन, गंधक किंवा हॅलोजन आहे का ते पाहण्याची चाचणी) लालबुंद फ्यूजन ट्यूब, म्हणजे तापवलेली छोटी काचनळी, डिस्टिल्ड पाण्यात सोडताना हात पहिल्यांदा थरथरतो आणि चौथ्यांदा थरथरत नाही. असे कौशल्य पुस्तकातून येत नाही.

माझी तक्रार गुणदानाविषयी आहे, आणि ती ॲसिटॅनिलाइडच्या प्रयोगावरून नेमकी सांगता येईल. ४.६५ ग्रॅम ॲनिलीनपासून हिशेबाने सुमारे ६.७५ ग्रॅम ॲसिटॅनिलाइड मिळायला हवे. मी ते गरम पाण्यातून पुन्हा स्फटिकरूपात आणले. गाळताना द्रावण जरा निवले की फनेलच्या नळीतच स्फटिक धरतात, ते सोडवण्यात थोडा माल गेला. उरलेला फिल्टर पेपरमध्ये दाबून नीट वाळवला, तेव्हा वजन ४.६ ग्रॅम, म्हणजे ६८ टक्के यील्ड (हिशेबाच्या वजनापैकी प्रत्यक्ष हाती आलेला माल) आले. शेजारच्या मित्राने ओलसर पदार्थच तराजूवर ठेवला आणि त्याचे यील्ड ९२ टक्के भरले. गुण यील्डवर होते, त्यामुळे त्याला माझ्यापेक्षा दोन गुण जास्त मिळाले. त्याच्या मालातले काही वजन निव्वळ पाण्याचे होते, हे द्रवणांकाने लगेच उघड झाले असते: शुद्ध ॲसिटॅनिलाइड ११४ अंश सेल्सिअसच्या आसपास, एकाच टप्प्यात वितळते, तर ओला माल त्याआधीच मऊ पडू लागतो. पण बॅचमध्ये वीस जण आणि द्रवणांक पाहायच्या काचनळ्या, म्हणजे थीले ट्यूब, तीन, म्हणून प्रत्येकाचा द्रवणांक पाहिला गेला नाही. गुण कशाला आहेत, शुद्धतेला की वजनाला, हे आम्हाला सत्राच्या सुरुवातीला लेखी कोणीच दिले नव्हते.

अज्ञात संयुग ओळखण्याच्या प्रयोगातही हाच घोळ. क्रियात्मक गट (रेणूतला त्याचे रासायनिक वर्तन ठरवणारा भाग) चुकला की त्याचे गुण जातात, ते ठीक. पण त्यावर आधारलेले डेरिव्हेटिव्हही (ओळख पक्की करण्यासाठी त्यापासून बनवलेले दुसरे संयुग) आपोआप चूक ठरते, म्हणजे एकाच चुकीची शिक्षा दोनदा. निरीक्षणे प्रामाणिक असली तरी त्यांना वेगळे गुण नाहीत. वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, त्यामानाने सरळ होती. एक्स्टर्नल सरांनी जर्नल चाळले, त्यातलेच प्रश्न विचारले.

आमच्याकडे ५० पैकी १५ गुण अंतर्गत होते, आणि त्यातला मोठा वाटा जर्नलच्या नीटनेटकेपणाला गेला. अक्षर चांगले असणाऱ्यांचा त्यात फायदा झाला, माझाही.

हा विषय घ्यावाच, पण त्याच सत्रात भौतिक रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक घेऊ नये, कारण आलेख आणि जर्नल एकाच शनिवारी पुरे होत नाहीत. पहिल्याच आठवड्यात सरांना विचारावे, यील्डला किती गुण आणि द्रवणांकाला किती, आणि त्यांचे उत्तर जर्नलच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवावे.