दातांच्या मापांसाठी मायक्रोवेव्ह: काही महिने वापरल्यानंतर

क्लिनिकमध्ये मापं (दातांचे घेतलेले साचे) निर्जंतुक करायला वेगळा मायक्रोवेव्ह ठेवला, त्याला आता काही महिने झाले. मत आधीच सांगते: सिलिकॉनच्या मापांना तो कामाचा आहे, अल्जिनेटला (पाण्यात कालवून माप घ्यायच्या पावडरीला) अजिबात नाही. ज्यांचं बहुतेक काम अल्जिनेटवर चालतं त्यांनी या फंदात पडू नये.

पूर्वी आम्ही सगळं रसायनांवर भागवायचो. 0.5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट नाहीतर 2 टक्के ग्लुटारल्डिहाइड. काम चोख व्हायचं, पण हायपो रोज ताजं बनवा, आणि ग्लुटारल्डिहाइडचं झाकण उघडलं की सगळ्यांचे डोळे चुरचुरणार. ती कटकट बरीच कमी झाली.

माप तोंडातून काढल्यावर वाहत्या पाण्याखाली धुवायचं, हे सुटलेलं नाही. मग काचेच्या भांड्यात माप पूर्ण बुडेल एवढं पाणी, 650 वॉट, 3 मिनिटं. कवळ्यांवरच्या अभ्यासांत हा आकडा वारंवार येतो, तोच मी घेतला. पाण्यात बुडवण्याला कारण आहे. जंतू मरतात ते मुख्यतः उष्णतेने, आणि 2450 मेगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्याला झपाट्याने तापवतात. कोरडं सिलिकॉन फारसं तापत नाही. यंत्र फिरतं, घंटी वाजते आणि जंतू जिथल्या तिथे.

खरी डोकेदुखी माप ज्यात घेतो त्या ट्रेची. धातूचे ट्रे बादच, ठिणग्या उडतात. प्लास्टिकचे पातळ ट्रे उकळत्या पाण्यात मऊ पडतात आणि मागची टोकं किंचित फाकतात. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही, दिसतं ते थेट क्राउन (दातावरची टोपी) बसवताना. म्हणून आता जाड, कडक ट्रेच वापरते. शिवाय माप खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय स्टोन (मॉडेलचं कडक प्लास्टर) ओतत नाही, कारण गरम सिलिकॉन प्रसरण पावलेलं असतं. एवढं सांभाळलं तर एकेकट्या क्राउनच्या बसण्यात मला फरक जाणवलेला नाही. लूपखाली (भिंगाखाली) मार्जिनची, म्हणजे क्राउनची कड जिथे टेकते तिथली, रेघ अखंड दिसते. लांब ब्रिजचं (अनेक जोडलेल्या दातांचं) माप मात्र अजूनही रसायनातच घालते. तिथे दातांच्या कमानीभर जराशी चूकही पसरत जाते, आणि ती जोखीम घ्यायची माझी तयारी नाही. पॉलिइथर या दुसऱ्या साहित्याचं मापही आत जात नाही, ते पाणी शोषतं.

अल्जिनेटचं एक माप सरावाच्या मॉडेलवरून घेऊन मुद्दाम कोरडंच आत ठेवून पाहिलं. कडा चामड्यासारख्या कडक, मधला भाग आकसून ट्रेच्या भोकांतून सुटलेला. त्यात बहुतांश पाणीच असतं, ते उडालं की दुसरं काय होणार! बुडवून ठेवलं तर उलट फुगतं. त्याला आपली जुनीच रीत बरी: धुणं, हायपोचा फवारा, बंद पिशवीत 10 मिनिटं, पुन्हा धुणं आणि लगेच ओतणं.

स्टोनची मॉडेल्सही टाकता येतात, पण ताजं ओलं मॉडेल जास्त पॉवरवर तडकतं.

घेणार असाल तर पाटीवरच्या वॉटवर विसंबू नका. 1 लीटर पाणी पूर्ण पॉवरवर 1 मिनिट तापवा, ढवळून तापमान किती अंश सेल्सिअसने चढलं ते पाहा आणि त्याला 70 ने गुणा. 9 अंश चढलं तर साधारण 630 वॉट. आणि त्यावर ‘जेवण गरम करू नये’ अशी ठळक चिठ्ठी लावा. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी डबा घेऊन उभं होतं.